कामाआधीची प्रार्थना आणि तिच्याही आधीचा नमस्कार

नायजेरियात राहणाऱ्या किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या काही वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहे. मी स्वतः अकरा वर्षे तेथे हिशेबाचे काम केले. त्यांपैकी आठ वर्षे लागोसात आणि तीन कानोत गेली, त्यामुळे ही उत्तरे त्या दोन शहरांच्या चष्म्यातून दिली गेली आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न : लागोसमधील एका कारखान्यात लेखा विभागाचा प्रमुख म्हणून मी दोन महिन्यांपूर्वी रुजू झालो. येथे प्रत्येक बैठक प्रार्थनेने सुरू होते आणि प्रार्थनेनेच संपते. ‘तुम्ही कोणत्या चर्चचे?’ हा प्रश्न तर मला रोज कोणी ना कोणी विचारतो. मी देवधर्म घरापुरता ठेवणारा माणूस आहे. माझे गप्प राहणे हाताखालच्या माणसांना उद्धटपणाचे वाटते की काय, अशी शंका येते. मी काय करावे?

उत्तर : आपली शंका खरी असावी, पण त्याचे कारण प्रार्थना नसून दुसरेच काही असण्याचा संभव अधिक आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. माझ्या पहिल्याच महिन्यात मी एकदा सकाळी सात वाजता भांडारात गेलो आणि दारातूनच मालाची वही मागितली. भांडारपाल वयाने माझ्याहून बराच मोठा होता. त्याने हातातला पाव कागदावर ठेवला, बोटे पुसली, चष्मा लावला, माझ्याकडे नीट पाहिले आणि सावकाश म्हणाला, “गुड मॉर्निंग, सर. रात्री झोप नीट लागली का?” वही त्याच्या कोपरापाशीच पडलेली होती. मी त्याची विचारपूस करीपर्यंत ती तेथून हलली नाही.

योरुबा समाजात भेटल्याबरोबर कामाचे बोलणे हा जवळजवळ अपमानच समजला जातो, आणि लागोस हे मुळात योरुबांच्या मुलखातले शहर आहे. या भाषेत प्रसंगाप्रसंगाला वेगळे अभिवादन आहे. काम करीत असलेल्या माणसाजवळून जाताना ‘ए कू इशे’ म्हणायचे, म्हणजे त्याच्या श्रमाची दखल घ्यायची. इग्बो माणूस अशा वेळी ‘जिसिए इके’ म्हणतो, उत्तरेतला हौसा ‘सन्नू दा आइकी’ म्हणतो, आणि ज्याला यांपैकी काहीच येत नाही तो ‘वेल डन’ म्हणून मोकळा होतो. ते ‘वेल डन’ काम संपल्याची शाबासकी नव्हे, हे मला कळायला सहा महिने लागले. झाडलोट करणाऱ्या बाईने मलाच ‘वेल डन, सर’ म्हटले तेव्हा मी इतका गोंधळलो होतो की तिचे आभार मानून बसलो.

आता प्रार्थनेविषयी. नायजेरियाच्या 1999 च्या राज्यघटनेतील दहाव्या कलमानुसार केंद्राला किंवा कोणत्याही राज्याला एखादा धर्म राजधर्म म्हणून स्वीकारता येत नाही आणि अडतिसाव्या कलमाने प्रत्येकाला धर्मस्वातंत्र्य दिले आहे. परंतु याचा अर्थ धर्म सार्वजनिक जीवनाबाहेर ठेवावा असा तेथे कोणी घेत नाही. सरकारी समारंभातसुद्धा एका धर्माची प्रार्थना आरंभी आणि दुसऱ्या धर्माची शेवटी, अशी वाटणी पुष्कळदा असते. ख्रिस्ती सहकारी प्रार्थना म्हणत असताना मुसलमान सहकारी शांत बसतो आणि शेवटी ‘आमेन’च्या जागी ‘आमीन’ म्हणतो. आपणही उभे राहून मान खाली घालावी, एवढे पुरे. ओठ हलवण्याची गरज नाही. त्या दोन मिनिटांत आपण मोबाइलकडे पाहिले, तर ते मात्र कोणी विसरत नाही.

‘कोणते चर्च?’ या प्रश्नामागे चौकशीपेक्षा ओळख वाढवण्याची इच्छा असते. ‘मी हिंदू आहे, माझी प्रार्थना मी घरी करतो’ असे सरळ सांगावे. श्रद्धा वेगळी असल्याचे तेथे सहज चालते. श्रद्धाच नाही असे म्हटले की माणसे काळजीत पडतात आणि आपल्यासाठी प्रार्थना करू लागतात. रविवारचे आमंत्रण आले आणि जायचे नसेल, तर आभार मानून पास्टरना नमस्कार कळवावा. पुन्हा आमंत्रण येईल, पुन्हा तेच करावे. नावावरून किंवा घराण्यावरून धर्माचा तर्कही करू नये. योरुबा कुटुंबांत वडील अल्हाजी, म्हणजे हज करून आलेले मुसलमान, आणि आई चर्चमध्ये गाणारी, हे चित्र नित्याचे आहे. 2023 पासून अध्यक्ष असलेले बोला तिनुबू मुसलमान आहेत, तर त्यांच्या पत्नी रिडीम्ड चर्चमध्ये पास्टर आहेत.

जाता जाता एक व्यावहारिक सूचना करतो. याच रिडीम्ड चर्चची मोठी प्रार्थनासभा दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी रात्री लागोस–इबादान महामार्गालगतच्या त्यांच्या वसाहतीत भरते. त्या संध्याकाळी इबादानला जाण्याचा बेत आखू नये.

प्रश्न : आमच्या कारखान्यातील बावीस कामगारांनी ‘आजो’ चालू केला आहे. प्रत्येकाच्या पगारातून ठरावीक रक्कम कापून ती पॅकिंगमधील एका बाईंकडे परस्पर द्यावी, अशी त्यांची विनंती आहे. हा काही गैरव्यवहार तर नाही ना? आणि कंपनीने यात पडावे का?

उत्तर : गैरव्यवहार नाही, ही आपली भिशीच आहे. योरुबा तिला आजो किंवा एसुसू म्हणतात, हौसा अदाशी म्हणतात. सर्वांनी दरमहा सारखी रक्कम द्यायची आणि गोळा झालेला गठ्ठा पाळीपाळीने एकेकाने उचलायचा, हा नियम आपल्याला समजावून सांगायला नको. याचा आणखी एक प्रकार बाजारात दिसतो. अलाजो नावाचा माणूस रोज दुकानोदुकानी फिरून प्रत्येकाच्या कार्डावर खूण करीत रक्कम घेतो, महिनाअखेरीस ती परत देतो आणि एका दिवसाची जमा आपली मजुरी म्हणून ठेवतो. व्याज नाही, उलट थोडे पैसे जातात, तरी लोक खुशीने देतात, कारण घरात ठेवलेले पैसे टिकत नाहीत.

आपण विचारले नाही, पण धर्म, काम आणि शेजारधर्म एका ठिकाणी पाहायचा असेल तर भिशीच्या पाळ्या ठरतात त्या दिवशी तेथे बसावे. आमच्या कारखान्यात ख्रिस्ती कामगारांना डिसेंबरची पाळी हवी असे, मुसलमानांना बकरी ईदच्या आधीची, आणि शाळेत मुले असलेल्या सर्वांनाच सप्टेंबरची. आता बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते, त्यामुळे मागच्या वर्षीची वाटणी या वर्षी जशीच्या तशी चालत नाही. एका वर्षी डिसेंबरची पाळी लागलेल्या पेंटेकोस्टल या ख्रिस्ती पंथाच्या एका फिटरने ती आपण होऊन एका मुसलमान चालकाला दिली, कारण चालकाच्या मुलीचे लग्न होते. बदल्यात जूनची पाळी घेतली आणि वर चार दिवस ‘देवाने मला सांगितले’ असे ऐकवलेही. चालकाने त्यावर काही म्हटले नाही. लग्नाच्या दिवशी फिटर पुढच्या रांगेत, लग्नासाठी सर्वांनी ठरवून घेतलेल्या एकाच कापडाचा झगा घालून बसला होता.

कंपनीने यात पडावे का, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. पगारातून कपात करू नये. एकदा रक्कम कंपनीच्या हातून गेली की उद्या कोणी भिशी बुडवली तर दोष कंपनीवर येईल, आणि त्या बाईंचा जो मान आहे तोही उणावेल, कारण लोक पैसे देतात ते तिच्या शब्दावर. आपला वाटा एवढाच की पगार ठरल्या तारखेला व्हावा. एक पगार आठवडाभर लांबला तर बावीस घरांचे गणित विस्कटते. 2023 मध्ये पेट्रोलवरील अनुदान बंद झाल्यापासून तर कामावर येण्याचे बसभाडेच इतके वाढले आहे की महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काही माणसे अर्धी वाट चालत येतात.

प्रश्न : माझे पती कानो येथील कापड व्यवसायात आहेत व मी पुढील महिन्यात तेथे जाणार आहे. तेथे शरिया कायदा असल्याचे ऐकून घरचे घाबरले आहेत. मी काय सांभाळावे?

उत्तर : ताई, उत्तरेतील बारा राज्यांनी 1999 नंतरच्या काळात शरियाचा फौजदारी भागही लागू केला आणि कानो त्यांत आहे, हे खरे. तो कायदा मुसलमानांसाठी आहे. आपल्याला जाणवेल ते असे की मद्यविक्रीवर बंदी आहे व हिस्बा नावाचे धार्मिक पथक तिची अंमलबजावणी करते, शुक्रवारी दुपारी बाजार व कचेऱ्या ओस पडतात, आणि पुरुष बहुधा आपल्याशी हस्तांदोलन करणार नाहीत. हा अनादर समजू नये. समोरच्याने हात पुढे केला तरच आपण करावा. रमजानमध्ये आपल्याला खाण्यापिण्याची मोकळीक असते, पण ते चारचौघांत करू नये. अंगभर कपडे आणि एक ओढणी जवळ असली की पुरते.

साबोन गारी या भागात दक्षिणेतून आलेले इग्बो आणि योरुबा व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ब्रिटिश काळात बाहेरच्यांसाठी वसवलेली ती पेठ आहे आणि तेथे चर्चही आहेत. हौसा बोलणारा प्रत्येक जण मुसलमान असतो असेही नाही. आणि आपल्याला एक अनपेक्षित सोय मिळेल : कानोत हिंदी चित्रपट कित्येक दशके आवडीने पाहिले जात आहेत. आमच्या गल्लीतला एक वयस्क शिंपी मला पाहिले की जुन्या हिंदी गाण्याची एक ओळ म्हणत असे. अर्थ त्याला ठाऊक नव्हता, चाल बिनचूक होती.

प्रश्न : आपण सर्वत्र सलोखा असल्यासारखे लिहिता. मग ख्रिस्ती–मुस्लिम हत्याकांडांच्या बातम्या खोट्या म्हणायच्या का?

उत्तर : मुळीच नाही, आणि माझ्या लिहिण्यातून तसे वाटले असेल तर ती माझी चूक. फेब्रुवारी 2000 मध्ये कादुना शहरात शरियाच्या प्रश्नावरून दंगल झाली आणि सप्टेंबर 2001 मध्ये जोस शहरात. या दोन्हींत फार मोठी मनुष्यहानी झाली. ईशान्येत बोको हराम ही दहशतवादी संघटना 2009 पासून माणसे मारते आहे, आणि तिने मारलेल्यांत मुसलमानही असंख्य आहेत.

परंतु जोसचे भांडण नीट पाहिले तर प्रार्थनास्थळाच्या मागे एक कागद दिसतो. स्थानिक शासन ‘हा येथील मूळ रहिवासी’ असा दाखला देते आणि सरकारी नोकरी, शिष्यवृत्ती, विद्यापीठातील प्रवेश यांसाठी तो लागतो. जोस पठारावरील कथिलाच्या खाणींच्या निमित्ताने ब्रिटिश काळात आलेल्या हौसा कुटुंबांच्या नातवंडांनाही तो सहजी मिळत नाही. ज्याच्याकडे दाखला नाही तो बहुतेक मुसलमान आणि ज्याच्याकडे आहे तो बहुतेक ख्रिस्ती, अशी स्थिती झाली की नोकरीचे भांडण धर्माचे होण्यास एक अफवाही पुरते. उत्तरेतल्या काही शहरांत हीच तक्रार ख्रिस्ती लोक करतात. धर्माचा प्रश्न इतका नाजूक आहे की 1991 आणि 2006 च्या जनगणनांत तो विचारलाच गेला नाही.

कादुनातील पास्टर जेम्स वुये आणि इमाम मुहम्मद अशफा यांचे उदाहरण येथे देतो. 1990 नंतरच्या दंगलींत दोघे परस्परविरोधी टोळ्यांत होते. वुये यांचा उजवा हात गेला, अशफा यांचे गुरू आणि दोन चुलतभाऊ मारले गेले. 1995 मध्ये या दोघांनी मिळून दंगली शमवण्यासाठी एक संस्था काढली आणि ती तरुणांना हे काम शिकवते. त्यांनीही आपापला धर्म सोडलेला नाही किंवा सौम्य केलेला नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तरीही त्यानंतर कादुना राज्यात रक्त सांडलेच. दाखल्याचा कायदा बदलत नाही तोवर दोन माणसांनी किती पुरे पडावे?

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. लागोसच्या इलुपेजू भागात आमच्या शेजारच्या बाईंनी बकरी ईदला डबाभर कच्चे मटण आणि नाताळात कोंबडी घातलेला जोलोफ भात पाठवला. त्या ख्रिस्ती आहेत की मुसलमान, हेही आम्हाला कळेना! परत पाठवावे का?

उत्तर : परत मुळीच पाठवू नये. बाई मुसलमान असून सासर ख्रिस्ती असेल, किंवा उलट असेल. ईदचे मटण त्यांनाही दुसऱ्या कोणाकडून आले असेल आणि त्यातला वाटा त्यांनी तुम्हाला दिला असेल. दोन्ही हातांनी किंवा उजव्या हाताने घ्यावे, डाव्या हाताने कदापि नाही, आणि तोंडभर आभार मानावेत. मग आपल्या पहारेकऱ्याला किंवा चालकाला द्यावे. बाईंनी विचारले तर तसे सांगावे, त्यांना राग येणार नाही. दिवाळीत त्यांच्याच डब्यातून शंकरपाळे पाठवा. तेथे चिनचिन नावाचा पदार्थ असतो, तो दिसायला आणि करायला अगदी आपल्या शंकरपाळ्यांसारखा, म्हणून त्या ओळखतील. जायफळ घालायचे राहिले, असेही बहुधा सांगतील.