कुत्र्याने विषारी काही खाल्लं, तर बिल कशाने वाढतं?

सगळ्यात महाग पडतं ते ‘बघू, काही होतंय का’ म्हणत थांबणं. खाऊन साधारण दोन तासांच्या आत गेलात, तर डॉक्टर इंजेक्शनने उलटी करवतात, गरजेनुसार ॲक्टिव्हेटेड चारकोल (पोटातलं विष शोषून घेणारा कोळसा) देतात आणि बऱ्याचदा त्याच दिवशी घरी सोडतात. उशीर झाला की सलाइन, भरती आणि पुन्हापुन्हा रक्ततपासण्या, खरा खर्च तिथे होतो.

उंदराच्या औषधात तर हा फरक फार मोठा. रक्त गोठू न देणाऱ्या प्रकारात पहिले काही दिवस कुत्रा ठणठणीत दिसतो. वेळीच उपचार झाले, तर मुख्यतः व्हिटॅमिन के१ च्या गोळ्या, बहुधा तीन-चार आठवडे, आणि शेवटच्या गोळीनंतर ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठण्याची तपासणी. रक्तस्राव सुरू झाल्यावर गेलात, तर प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) किंवा रक्तच चढवावं लागतं. त्या औषधाचं पाकीट मात्र सोबत न्याच. त्यात झिंक फॉस्फाइड हे दुसऱ्या प्रकारचं विष असेल तर के१ चा उपयोग नाही, त्यावर उताराच नाही.

घरी मीठ-पाणी पाजू नका. रक्तातलं सोडियम वाढून दुसरंच दुखणं मागे लागतं. ॲसिड किंवा रॉकेल पोटात गेलं असेल, तर उलटी करवणंच घातक.

पैशांची अडचण असेल तर आधीच सांगा, डॉक्टरांना त्यात नवल नसतं. कमीत कमी आणि जास्तीत जास्त खर्चाचा लेखी अंदाज मागा. एक्स-रे आजच हवा का, हे विचारा. द्राक्षं किंवा मनुका खाल्ल्या असतील, तर किडनीला धोका असतो, तिच्या फेरतपासण्यांत काटकसर नको.