झिग्बीचा दिवा कधी लगेच लागतो, कधी दोन सेकंदांनी. हा उशीर नेमका मोजायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात विजापूर रोडला दुमजली घर, खाली हॉलमध्ये रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट (घरची स्मार्ट उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) आणि झिग्बीचा, म्हणजे या उपकरणांच्या बिनतारी नेटवर्कचा, यूएसबी डोंगल, एकूण तीसेक उपकरणं. जिन्यातलं बटण दाबलं की वरच्या मजल्यावरचा दिवा कधी लगेच लागतो, कधी दोन सेकंद घेतो. नवा डोंगल घेण्याआधी उशीर किती आणि कुठे होतो ते तुम्हाला मोजायचंय.

डोंगल आत्ता घेऊ नका. ‘मेश (उपकरणांनी एकमेकांचे मेसेज पुढे पाठवत बनवलेलं जाळं) स्लो आहे’ असं आपण म्हणतो, पण त्यातला बराच उशीर हवेत झालेलाच नसतो. तो बटणाच्या आत, ऑटोमेशनमध्ये (‘बटण दाबलं की दिवा लाव’ हा होम असिस्टंटमधला नियम) किंवा बल्बच्या फेडमध्ये, म्हणजे हळूहळू उजळण्यात, असतो. त्यामुळे एकच आकडा काढून हाती काही लागत नाही, उशिराचे तुकडे पाडावे लागतात.

आधी हवेतला हिशेब बघा. झिग्बी सेकंदाला २५० किलोबिट पाठवते. १२७ बाइटचं सगळ्यात मोठं पॅकेट हवेत जेमतेम ४ मिलिसेकंद असतं आणि दिवा चालू-बंद करण्याची कमांड त्याच्या निम्म्याहून कमी वेळ. पाठवण्याआधी रेडिओ हवा मोकळी आहे का ते ऐकतो, त्यात दोन-तीन मिलिसेकंद जातात. समोरून पोच आली नाही तर तेच पॅकेट आणखी तीनदा पाठवतो. रिपीटरचा (मेसेज पुढे पाठवणाऱ्या उपकरणाचा) स्वतःचा वेळ धरूनही शांत हवेत एका हॉपला, म्हणजे एका उपकरणापासून पुढच्यापर्यंतच्या टप्प्याला, १० ते २० मिलिसेकंद पुरतात. जिन्यापासून वरपर्यंत तीन हॉप धरले तरी ६०. म्हणजे उशीर दर वेळी ४०० च्या आसपास येत असेल तर हॉपना दोष देण्यात अर्थ नाही.

एकूण उशीर मोजायला मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा पुरतो. २४० फ्रेमवर ठेवा, म्हणजे एक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची होते. ९६० फ्रेमचा मोड वापरू नका, बऱ्याच फोनमध्ये त्यातल्या फ्रेम सॉफ्टवेअरने मधे भरलेल्या असतात. बटण जिथे रोज वापरता तिथेच राहू द्या. ते उचलून दिव्याजवळ नेलंत तर सिग्नलचा मार्ग बदलतो आणि तुम्ही वेगळंच काहीतरी मोजता. दिवा फ्रेममध्ये येत नसेल तर हातात आरसा धरा, किंवा भिंतीवर पडणारा उजेड टिपा. व्हीएलसीमध्ये ‘ई’ दाबलं की व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकतो. बटण पूर्ण खाली गेलेली फ्रेम ते पहिला उजेड दिसलेली फ्रेम, एवढ्या फ्रेम मोजा आणि ४.१७ ने गुणा. फोनचा वेळेचा हिशेब बरोबर आहे का हेही त्याच व्हिडिओत तपासता येतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी चोकवाली ट्यूब किंवा स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. ती लुकलुक दर १२ फ्रेमनी पुन्हा तशीच दिसली तर २४० चा आकडा खरा आहे. या पद्धतीत चूक फार तर दोन फ्रेमची होते, आपल्या कामाला ती चालते.

स्मार्ट दिव्याऐवजी स्विचबोर्डात रिले मॉड्यूल (टक आवाज करत वीज जोडणारा-तोडणारा स्विच) असेल तर आवाजाने मोजणं मला जास्त आवडतं. फोनवर साधं रेकॉर्डिंग चालू करा, बटण दाबा, मग ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून बटणाचा ‘टिक’ आणि रिलेचा ‘टक’ यांतलं अंतर मिलिसेकंदांत वाचा. दोन्ही शिखरं स्पष्ट दिसतात. आवाजाला साडेतीन मीटर यायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे फोन दोन्हींपासून सारख्या अंतरावर ठेवा.

आता तुकडे. एकूण उशिराचे तीन भाग होतात: बटण ते डोंगल, डोंगल ते ऑटोमेशनने सोडलेली कमांड, आणि कमांड ते उजेड. मधला भाग लॉगमधून मिळतो. डोंगल आणि होम असिस्टंट यांना जोडणारं झिग्बी टू एमक्यूटीटी हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचा लॉग डीबगवर, म्हणजे सविस्तर नोंदींवर, टाका आणि टाइमस्टॅम्पच्या फॉरमॅटमध्ये मिलिसेकंद जोडा, मुळात तो फक्त सेकंद दाखवतो. बटणाचा मेसेज आल्याची ओळ आणि दिव्याला कमांड गेल्याची ओळ यांतला फरक हा तुमचा मधला भाग. पाय ४ वर साध्या ऑटोमेशनला यासाठी १० ते ५० मिलिसेकंद लागणं ठीक. १५० च्या वर जात असेल तर ऑटोमेशनमधल्या अटी, डेटाबेस लिहिणारं मेमरी कार्ड किंवा तापमान बघा. पाय ४ ची चिप ८० अंशांना पोचली की स्वतःचा वेग उतरवते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा टीव्हीखालच्या बंद कपाटात ठेवलेला पाय तिथवर पोचायला वेळ लागत नाही. ॲपमध्ये स्विच ‘चालू’ दिसणं हा मात्र पुरावा धरू नका, दिवा खरंच कधी लागला ते फक्त उजेडच सांगतो.

पहिल्या भागात सगळ्यात मोठा फसवा उशीर असतो. सिंगल, डबल आणि लाँग प्रेस ओळखणारी बॅटरीची बटणं पहिल्या दाबानंतर थांबून बघतात, दुसरा दाब येतोय का ते. या थांबण्यातच २०० ते ५०० मिलिसेकंद जातात आणि तोवर रेडिओ गप्प असतो. तुमच्या बटणाला साधा कमांड मोड असेल किंवा ‘दाबलं’ ही घटना ‘सोडलं’पासून वेगळी मिळत असेल, तर ती वापरा. तिसऱ्या भागात अशीच एक गोष्ट म्हणजे फेड. फिलिप्स ह्यूचा बल्ब मुळात ०.४ सेकंदांत हळूहळू उजळतो. मोजताना ट्रान्झिशन (फेडची वेळ) शून्य ठेवा, नाहीतर पहिला उजेड कोणता यावर घोळ होईल.

दहा वेळा दाबून काढलेली सरासरी काही सांगत नाही. तुमची तक्रार ‘कधीकधी’ची आहे, म्हणून निदान २०० वेळा मोजा. हाताने कंटाळा येईल, त्यासाठी ईएसपी ३२ चा (छोट्या मायक्रोकंट्रोलरचा) बोर्ड घ्या. बटण उघडून त्याच्या संपर्काच्या दोन टोकांवर पीसी ८१७ ऑप्टोकपलरचा (वायर न जोडता उजेडाने चालणारा स्विच) आउटपुट जोडा: मल्टिमीटरने जे टोक पॉझिटिव्ह दिसेल तिथे कलेक्टर, दुसऱ्याला एमिटर. इनपुटला ३३० ओहमचा रेझिस्टर लावून ईएसपीची एक पिन. उजेड टिपायला बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड, कॅथोड ३.३ व्होल्टला, ॲनोड ईएसपीच्या जीपीआयओ ३४ या पिनला, आणि तिथून ग्राउंडला ३३ किलोओहम. एलडीआर (उजेडाने रेझिस्टन्स बदलणारी चकती) वापरू नका, ती स्वतःच २०-३० मिलिसेकंद मागे असते. फोटोडायोड काळ्या टेपच्या नळीत घालून बल्बसमोर धरा, घरच्या वायरिंगला कुठेच हात लावावा लागत नाही. जिना आणि दिवा लांब असतील तर फोटोडायोडकडे लांब वायर न्या, बटण हलवू नका. प्रोग्रॅम साधा: पिन ८० मिलिसेकंद चालू करा, मायक्रोसेकंदांचं घड्याळ टिपा, उजेड अंधार-प्रकाशाच्या मध्यावर पोचला की पुन्हा टिपा, आकडा यूएसबीवरून लॅपटॉपला पाठवा. ईएसपीचा वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवा, नाहीतर मोजणारं यंत्रच २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे झिग्बी आणि वायफाय दोन्ही चालतात त्याच पट्ट्यात, गोंगाट करेल.

दोन दाबांमधली वेळ ४ ते ९ सेकंदांच्या दरम्यान, दर वेळी वेगळी ठेवा. ठरावीक ५ सेकंद ठेवलेत तर सेन्सरच्या नियमित रिपोर्टशी ताल जुळतो आणि आकडे एकतर फार चांगले नाहीतर फार वाईट दिसतात. एक फेरी दुपारी, एक रात्री ८ ते १० मध्ये घ्या, शेजारचे वायफाय तेव्हा भरून वाहतात. आणि एक फेरी वेगळी: अर्ध्या अर्ध्या तासाने एकेक दाब, असे वीसेक. बराच वेळ वापर नसताना पहिला दाब कसा जातो ते लागोपाठच्या २०० दाबांमध्ये दिसत नाही.

आकडे चढत्या क्रमाने लावा. मधला आकडा, ९५ वा पर्सेंटाइल (म्हणजे १०० पैकी ९५ दाब ज्याच्या आत आले तो आकडा) आणि सगळ्यात मोठा, एवढे तीन लिहा. साधारण १०० मिलिसेकंदांच्या आतला उशीर माणसाला ‘लगेच’ वाटतो, हा निकष डोळ्यांसमोर ठेवा.

खरं निदान आकड्यांच्या आकारात असतं. सगळेच ४०० ते ५०० मध्ये घट्ट बसले असतील तर बटणाचं थांबून बघणं किंवा बल्बची फेड. बहुतेक ९० च्या आसपास आणि मधूनच एखादा १६०० किंवा २००० असेल, तर पॅकेट वाटेत पूर्ण हरवलं आणि झिग्बीच्या सॉफ्टवेअरमधल्या वरच्या थराने सुमारे दीड सेकंद पोचेची वाट पाहून ते पुन्हा पाठवलं. तुमच्या ‘कधी दोन सेकंद’ या वर्णनावरून मला हेच जास्त वाटतं. दुपारी ठीक आणि रात्री पसरलेले असतील तर वायफाय. फक्त अर्ध्या तासानंतरचा पहिला दाब जड असेल तर जुना मार्ग मोडलाय आणि नवा शोधावा लागतोय. खोलीतले सहा दिवे एकामागोमाग लागत असतील तर तो उशीर नाही, तुम्ही सहा वेगळ्या कमांड पाठवताय, त्यांचा ग्रुप करा.

पॅकेट हरवण्याची कारणं आपल्या घरांत ठरलेली आहेत. कन्सील्ड वायरिंगचे जीआय बॉक्स पत्र्याचे असतात. त्यात बसवलेल्या मॉड्यूलचा सिग्नल फक्त समोरच्या प्लास्टिक प्लेटमधून बाहेर पडतो, मागच्या खोलीला तो जवळपास नसतोच. जुन्या स्विचबोर्डांत न्यूट्रल (विजेची परतीची वायर) नसतो आणि न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल सहसा रिपीटरचं काम करत नाहीत. म्हणजे नकाशावर दहा उपकरणं दिसतात, पुढे पाठवणारी दोनच. पेठांमधल्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती, गच्चीवरची भरलेली टाकी, माळ्यावरची पितळ-स्टीलची भांडी, सगळं २.४ गिगाहर्ट्झला अडवतं. आणि कोणी भिंतीवरच्या स्विचने बल्बच बंद केला तर त्याच्यामार्फत जाणारे सगळे मार्ग तिथेच तुटतात.

लाइट जाण्याचा भाग लोक विसरतात. इन्व्हर्टरवर पंखे आणि काही दिवे असतात, पण रिपीटर म्हणून लावलेला स्मार्ट प्लग बहुधा इन्व्हर्टर नसलेल्या सॉकेटवर असतो. लाइट गेली की तो मरतो, त्याच्याखालची बॅटरीची उपकरणं दुसरा आधार शोधतात, आणि लाइट आल्यावर लगेच परत येतातच असं नाही. जिन्याजवळचा एक रिपीटर तरी इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. लाइट आल्यानंतर पहिली २० मिनिटं मोजू नका.

डोंगल यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टात थेट लावला असेल तर तो आधी काढा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो, बाजूला एसएसडी असेल तर जास्तच. दीड मीटरच्या यूएसबी २ एक्स्टेन्शन केबलने तो लांब, उंचावर ठेवा आणि पुन्हा २०० दाब मोजा. बऱ्याचदा तेवढ्यात काम होतं.

नंतर चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातला कोणता भाग वापरायचा ते. वायफाय २० मेगाहर्ट्झवर, १, ६ किंवा ११ वर असेल तर झिग्बीचे १५, २० आणि २५ त्यांच्या फटींत बसतात. वायफायचा राउटर २.४ वर ४० मेगाहर्ट्झ वापरत असेल तर २० करा, नाहीतर या फटी राहतच नाहीत. २६ टाळा, अनेक उपकरणं त्यावर कमी ताकदीने बोलतात. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर बदलानंतर मोजा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. चॅनेल मात्र सगळ्यात शेवटी बदला: बॅटरीची काही उपकरणं नव्या चॅनेलवर आपोआप येत नाहीत, ती पुन्हा जोडावी लागतात.