आइंडहोव्हनला येण्याआधी: वाटाण्याचं सूप आणि शाळा

तू विचारलंस, आठ वर्षांच्या लेकीला घेऊन बडोद्याहून इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला येतोय, घरात अंडंही चालत नाही, तर हिवाळ्यात खायचं काय आणि शाळेत तिचं कसं निभेल. व्हिसा, विमा, घरभाडं सगळं सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे, त्यात मी पडत नाही. मी तुला स्नर्टबद्दल सांगते.

स्नर्ट म्हणजे हिरव्या वाटाण्याच्या डाळीचं सूप. इतकं घट्ट, की त्यात चमचा उभा राहिला पाहिजे असं इथे म्हणतात. त्यात डुकराचं मांस शिजवतात आणि वर रोक्वोर्स्टच्या, म्हणजे धुरी दिलेल्या सॉसेजच्या, चकत्या घालतात. माझ्या मुलाच्या शाळेत एका थंडीत सगळ्या मुलांना ते वाढलं. बाई त्याला म्हणाल्या, चकत्या बाजूला काढ आणि खा. तो नुसता ब्रेड खाऊन घरी आला. "आई, मी भूक नाही असं सांगितलं," म्हणाला. एवढ्याशा पोराला आपल्या घरासाठी खोटं बोलावं लागलं, हे मला आजही सलतं.

त्याच शाळेत त्याला कितीतरी दिवस आडनावाने हाक मारायचे, कारण जन्मदाखल्यावर आडनाव आधी होतं आणि पासपोर्टवर क्रम वेगळा. ते निस्तरायला मी कचेरीत खेटे घालत होते; दर वेळी नवा माणूस, नवा कागद. निघण्याआधी दोन्हीकडचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून घे.

आता सूप. सेव-उसळीवर वाढलेल्यांना वाटाण्याचं काय कौतुक! पण इथे पांढरा वाटाणा नको, हिरवी डाळ हवी. पाकिटावर स्प्लिटएर्तन लिहिलेलं असतं. अर्धा किलो डाळीला दोन लिटर पाणी. भिजवायला लागत नाही. वर येणारा फेस काढून टाक. डाळ फुटायला लागली की गाजर, बटाटा आणि सेलरीचा कंद घाल. हा कंद सुरणासारखा ओबडधोबड असतो. जाड सोलून बारीक चिर; त्याच्याशिवाय ती चव येतच नाही.

मांसामुळे सुपाला दोन गोष्टी मिळतात, स्निग्धपणा आणि धुराचा वास. स्निग्धपणासाठी कांदा आणि लीक, म्हणजे जाड पातीच्या कांद्यासारखी भाजी, भरपूर तेलात मंद आचेवर अगदी मऊ होईपर्यंत परत. गॅस बंद करून त्यात स्मोक्ड पाप्रिका, म्हणजे धुरी दिलेल्या लाल मिरचीची पूड, टाक; आचेवर ती करपून कडू होते. ही फोडणी डाळीत घाल. स्मोक्ड टोफूचे तुकडे वेगळे खरपूस भाजून वाढताना वरून घाल. कोळशाची धुरी द्यावीशी वाटेल, पण फ्लॅटमधला धुराचा अलार्म लगेच वाजतो. शेवटी शेवटी ढवळत राहा, तळाला फार लागतं. हळद-जिरं घालू नकोस, असं माझं ठाम मत आहे. मग त्याची आमटी होते. चांगली होते, पण शेजारीण ती स्नर्ट म्हणून खाणार नाही. दुसऱ्या दिवशी ते आणखी आळतं, तेव्हा खा, काळ्या राय ब्रेडला मोहरीचा सॉस लावून.

एकटेपणाचं म्हणशील, तर डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो तेव्हा जाणवतो. हात कामात असले की निभतं.

हे सूप मी हौसेने नाही शिकले, रागाने शिकले. पुढच्या थंडीत मोठं पातेलं भरून शाळेत नेलं. माझा मुलगा वाटी घेऊन बाकीच्यांबरोबर रांगेत उभा राहिला, दोनदा घेऊन खाल्लं. राग मात्र तेवढ्याने गेला नाही. इथे मूल बाराच्या आसपास असताना ते पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत जावं याचा सल्ला शाळा देते. गणितात पुढे असूनही, डच कच्चं म्हणून, त्याला खालची पायरी सुचवली. मी तेव्हा बैठकीत मान डोलावून घरी आले आणि रात्रभर जागी होते. तू मान डोलावू नकोस. असं का, ते विचार आणि लेखी माग.

लेकीची शाळा ठरली की कळव. तिला काय चालत नाही त्याची डचमधली चिठ्ठी मी लिहून देईन. पहिल्याच दिवशी बाईंच्या हातात दे.