एक दिवस ओसाकाचा, आईच्या गुडघ्यांसकट

प्रश्न : नोव्हेंबरात जपानला निघालो आहोत. तोक्यो आणि क्योतोचं सगळं टूरवाल्यांनी ठरवलंय, ओसाकात मात्र एक अख्खा दिवस मोकळा आहे. सोबत आई आहे. सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरतात, आणि कट्टर शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. किल्ला, मत्स्यालय, दोतोनबोरी आणि उमेदाच्या उंच इमारती, एवढं एका दिवसात होईल का? जपानी आम्हाला ओ की ठो येत नाही.

उत्तर : होईल, पण रात्री आईंना हॉटेलात उचलून न्यावं लागेल. तुमची चार ठिकाणं शहराच्या चार दिशांना आहेत, आणि इथे मेट्रोने फिरायचं म्हणजे स्टेशनातच मैलभर चालणं होतं. लिफ्ट असते, पण हमखास फलाटाच्या दुसऱ्या टोकाला.

किल्ला मी सरळ गाळायला सांगते. हिदेयोशी या सोळाव्या शतकातल्या सत्ताधीशाचा मूळ किल्ला 1615 च्या लढाईत गेला. आत्ताचा मनोरा 1931 सालचा, ओसाकाकरांनी वर्गणी काढून काँक्रीटमध्ये बांधलेला; आत संग्रहालय आणि लिफ्ट. बघावेत ते खालच्या तटाचे अजस्र दगड, पण त्यांच्यासाठी एवढी तंगडतोड आईंना कशाला? उमेदाच्या भुयारी बाजारात तर जन्म इथे गेलेली माणसंही वाट शोधत फिरतात. मत्स्यालय छान आहे, पण त्यालाच अर्धा दिवस लागतो.

त्यापेक्षा शहराची दक्षिण बाजू धरा. सकाळी तेन्नोजीहून हान्काईची ट्राम पकडा. एका डब्याची ही गाडी आधी रुंद रस्त्याच्या मधून जाते, मग घरांच्या इतक्या जवळून की वाळत घातलेले कपडे मोजावेत. मागच्या दाराने चढायचं, पुढच्याने उतरायचं आणि उतरताना चालकाजवळच्या पेटीत पैसे टाकायचे. प्रवासाचं इकोका कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं) असेल तर ते नुसतं टेकवा. सुमियोशी तोरीमाएला उतरलात की समोरच सुमियोशी ताइशा. तिकीट नाही, आणि सकाळी गर्दीही बेताची.

हे समुद्राच्या देवांचं देऊळ. पूर्वी चीनला निघालेले दूत इथे नवस बोलून जहाजात बसत. व्यापाऱ्यांनी वाहिलेले शेकडो दगडी दीपस्तंभ आवारात उभे आहेत. दारातला लाल कमानी पूल फोटोत गोड दिसतो, पण चढाला शिडीसारखा आहे. आईंना बाजूच्या सपाट वाटेने न्या. मुख्य देवळं 1810 ची, चारही राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेली. आवारातल्या एका छोट्या देवळात मातीच्या मांजरी मिळतात. दर महिन्याच्या पहिल्या ‘ड्रॅगन’ दिवशी (जुन्या पंचांगात बारा प्राण्यांच्या नावांनी दिवस मोजतात, त्यातला) इथले दुकानदार येऊन एकेक घेतात. विषम महिन्यात डावा पंजा वर, सम महिन्यात उजवा. अशा अठ्ठेचाळीस जमल्या, म्हणजे चार वर्षं नेमाने आलात, की त्या देऊन मोठी मांजर घ्यायची. चिकाटीची अशी वसुली मला फार आवडते.

आता जेवण, कारण तुमची खरी अडचण तीच आहे. इथे मांस टाळणं सोपं, पण दाशी टाळणं महाकठीण. दाशी म्हणजे सगळ्या स्वयंपाकाचं मूळ पाणी, बहुतेक वेळा सुकवलेल्या कात्सुओ माशाचं. कित्सुने उदोन, म्हणजे रश्शातल्या गव्हाच्या जाड शेवया, ही खास ओसाकाची डिश. वर तळलेल्या तोफूचा गोडसर तुकडा, दिसायला अगदी सोवळी, आणि रस्सा माशाचा. ओकोनोमियाकीत, म्हणजे कोबीच्या जाड धिरड्यात, अंडं असतंच, पिठातही बहुधा दाशी. ‘मांस नको’ एवढंच सांगितलंत तर वाढणारा मनापासून हीच भांडी पुढे ठेवील. म्हणून पूर्ण यादी म्हणा : ‘निकु, साकाना, तामागो, दाशी, झेंबु दामे देसु.’ म्हणजे मांस, मासे, अंडं, दाशी, काहीच चालत नाही. हेच जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा. पाकिटावरची ॲलर्जीची खूण अंडं आणि दूध सांगते, कात्सुओ त्या यादीत नाही.

दुपारी भारतीय-नेपाळी हॉटेल गाठा. तेन्नोजी, नाम्बा दोन्हीकडे सापडेल. नानच्या पिठात अंडं आहे का, एवढं मात्र विचारा. सोबत फळं ठेवा. थंडीत सुपरमार्केटच्या दाराशी भाजलेली रताळी मिळतात, आईंचा उपवास असला तरी चालतील.

जेवल्यावर तेन्नोजीलाच आबेनो हारुकास. 300 मीटर उंच, 2023 पर्यंत जपानातली सर्वांत उंच इमारत. माथ्यावर जायला तिकीट आहे, सोळाव्या मजल्याच्या बागेला नाही. तिथे बसून घ्या. रस्त्यावर बाकं शोधूनही मिळत नाहीत. अंधार पडला की मेट्रोने नाम्बा. दोतोनबोरीच्या रोषणाईला अर्धा तास पुष्कळ. तिथून दोन गल्ल्या आत होझेनजी देवळात फुदो आहे, म्हणजे आपल्याकडून बौद्धांबरोबर गेलेला अचल हा देव. लोक त्याच्यावर पाणी ओततात, त्यामुळे तो नखशिखांत शेवाळाने हिरवा झालाय. आईंना पळीभर पाणी घालू द्या.

प्रश्न : टिप किती द्यावी? सरकत्या जिन्यावर कुठल्या बाजूला उभं राहायचं? आणि कचरापेट्या कुठे असतात?

उत्तर : टिप देऊ नका, सुटे पैसे विसरलात असं समजून पोरगं रस्त्यापर्यंत धावत येईल. जिन्यावर ओसाकात उजवीकडे, तोक्योत डावीकडे. रेल्वेवाले हल्ली दोन्ही बाजूंना स्थिर उभे राहा असं सांगतात, ऐकतं कोण! कचरापेट्या 1995 च्या तोक्यो मेट्रोतल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर ठिकठिकाणांहून काढल्या. पर्समध्ये एक रिकामी पिशवी ठेवा आणि रताळ्याची सालं हॉटेलात नेऊन टाका.