परदेशी पासपोर्टवर बडोद्याला येणाऱ्यांना परतताना विमानतळावर कर भरावा लागतो का? सूट कुणाला मिळते?

नाही, भरावा लागत नाही. भारतातून बाहेर पडताना विमानतळाच्या खिडकीवर रोख भरायचा असा कोणताही कर आता नाही. कुणी मागितला तर देऊ नका.

तुमचा भाऊ, इंग्रज वहिनी आणि दोन मुलं डिसेंबरात लंडनहून बडोद्याला येणार आहेत, आणि काकांनी "जाताना माणशी पाचशे काढून ठेवा" असं सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. काका म्हणतात तो फॉरेन ट्रॅव्हल टॅक्स. १९७९ च्या कायद्याने तो लागू झाला, शेवटी शेवटी ५०० रुपये होता, शेजारच्या देशांसाठी १५०, आणि २००४ मध्ये तो उठला. आमच्या दांडिया बाजारातली जुनी मंडळीही अजून त्याचीच आठवण काढतात, त्यामुळे काकांना दोष देऊ नका.

आता जे घेतलं जातं ते तिकिटाच्या किमतीतच असतं: विमानतळाचं यूडीएफ, म्हणजे विमानतळ वापरण्याचं शुल्क, आणि सुरक्षेचं शुल्क. त्यातून वगळलेले लोक ठरलेले आहेत. दोन वर्षांखालची बाळं, राजनैतिक पासपोर्ट असणारे, ड्युटीवरचे विमान कर्मचारी, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या कामावर निघालेले, आणि चोवीस तासांच्या आत पुढचं विमान पकडणारे. पासपोर्ट ब्रिटिश आहे की भारतीय, याने इथे काही फरक पडत नाही.

यातली शेवटची सूट बडोदेकरांच्या खऱ्या उपयोगाची आहे आणि तीच बहुतेकांच्या हातून निसटते. हरणीहून, म्हणजे बडोद्याच्या विमानतळावरून, मुंबई आणि मुंबईहून लंडन असा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर मुंबईत तुम्ही ट्रान्झिटमध्ये धरले जाता आणि मुंबईचं यूडीएफ लागत नाही. तेच दोन वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात म्हणून काढली, की मधे दोनच तास असले तरी ट्रान्झिट मानत नाहीत. चार माणसांचा हिशेब करताना हे धरून तुलना करा. आणखी एक: भारतातलं तिकीट रद्द केलं किंवा विमान चुकलं, तरी कर आणि यूडीएफ परत मिळणं हा प्रवाशाचा हक्क आहे, तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरीही. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेचा तसा नियम आहे. मागा म्हणजे मिळेल.

निघण्याचा मोठा कर आहे तो तिकडे, ब्रिटनमध्ये. एअर पॅसेंजर ड्युटी. तोही तिकिटातच येतो. इकॉनॉमीत बसणाऱ्या सोळा वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे, २०१६ पासून. पण मुलांची तिकिटं प्रीमियम इकॉनॉमीत काढली की ही माफी जाते. भावाला तिकिटाचा तपशील उघडून बघायला सांगा.

आता येण्याचं. मला खरी काळजी इथली वाटते, कारण कराच्या पाचशे रुपयांनी कुणाचा प्रवास मोडत नाही, कागदाने मोडतो. आमच्या ओळखीच्या एका घरी आईवडील दोघांचंही ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड) होतं, म्हणून बाळाचंही चालेल असं सगळ्यांनी धरलं. लंडनच्या चेक-इनवरच त्यांना थांबवलं. इथे आजी-आजोबा बारशाची तयारी करून बसले होते. तेव्हा एवढं पक्कं धरा की प्रत्येक पासपोर्टला स्वतःचा व्हिसा किंवा स्वतःचं ओसीआय लागतं, मग तो पासपोर्ट चार महिन्यांच्या बाळाचा का असेना.

भावाचं ओसीआय आहे, त्याचा प्रश्न नाही. मुलांचं असेल तर बघा की त्यानंतर त्यांचे पासपोर्ट बदलले आहेत का. ब्रिटनमध्ये मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. वयाच्या वीस वर्षांपर्यंत दर नव्या पासपोर्टनंतर त्याची प्रत आणि फोटो ओसीआयच्या पोर्टलवर चढवायचा असतो. नवं कार्ड लागत नाही.

वहिनींनाही ओसीआय मिळू शकतं, लग्न नोंदवून दोन वर्षं झाली असतील तर. पण डिसेंबरसाठी ई-व्हिसा सोपा. पासपोर्टची मुदत उतरण्याच्या दिवसापासून सहा महिने तरी हवी आणि दोन पानं कोरी हवीत. अर्ज फक्त सरकारी साइटवर करा, जिच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं. हुबेहूब दिसणाऱ्या खाजगी साइट्स कितीतरी पट पैसे घेतात. ऑक्टोबर २०२५ पासून ई-अरायव्हल कार्डही आहे, उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, फुकट.

अहमदाबादला उतरले तर तिथेच इमिग्रेशन होऊन एक्सप्रेसवेने थेट घरी. मुंबईमार्गे हरणीला येणार असतील, तर इमिग्रेशन आणि कस्टम्स मुंबईतच होतं, सामानही तिथेच ताब्यात घ्यावं लागतं. मुलं बरोबर असताना मधे चार तास तरी ठेवा.

एक काम तुमचंही आहे. वहिनी तुमच्या घरी उतरणार, तर व्हिसावर आलेल्या पाहुण्याची खबर चोवीस तासांत एफआरआरओच्या (परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) पोर्टलवर देणं हे घरमालकाचं काम असतं. सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात. हॉटेलवाले भरतात, घरचे लोक विसरतात. अर्ध्या तासाचं काम आहे, त्यांच्या पासपोर्ट-व्हिसाचे फोटो आधीच मागवून ठेवा.

आणि ते वाटेत नैरोबीच्या नातेवाइकांकडे थांबणार असतील (बडोद्याच्या बऱ्याच घरांचे असतात म्हणून विचारते), तर यलो फीव्हरच्या लसीचा दाखला सगळ्यांचा हवा. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची.

मुलांची वयं आणि त्यांचे सध्याचे पासपोर्ट कधीचे आहेत ते लिहा, म्हणजे ओसीआयबद्दल नेमकं सांगते.