मनाचे आजार : पोस्टर, प्रहसन आणि हसू

प्रश्न : १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनासाठी आमचे विद्यार्थी भित्तिपत्रके आणि एक विनोदी प्रहसन करू पाहतात. काही सहकाऱ्यांना यात रुग्णांची थट्टा होईल असे वाटते, तर विद्यार्थ्यांच्या मते गंभीर पोस्टरापुढे कोणी थांबतच नाही. काय करावे?
– एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : सहकाऱ्यांची भीती अनाठायी नाही. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला नेऊन दाखवा’ अशा विनोदांवर आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो आहोत. असे विनोद ऐकत वाढलेल्या मुलाला पुढे कधी भास होऊ लागले, तर डॉक्टरांना सांगण्याआधी तो ते लपवायला शिकतो आणि उपचारांचा मोलाचा काळ त्यातच निघून जातो.

तरीही विनोदच टाळावा, असे मी म्हणणार नाही. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या आस्दा या दुकानसाखळीने हॅलोवीनसाठी ‘मनोरुग्णा’चा पोशाख विक्रीस ठेवला होता : रक्ताळलेले कपडे, मुखवटा आणि खाटकाचा खोटा सुरा. गदारोळ झाल्यावर आस्दाने तो मागे घेतला, माफी मागितली आणि मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या ‘माइंड’ या संस्थेला २५,००० पौंड दिले. पण खरे उत्तर दिले ते, माझ्या मते, मानसिक आजार असलेल्या सामान्य लोकांनी. त्यांनी रोजच्या साध्या कपड्यांतली स्वतःची छायाचित्रे ट्विटरवर टाकली आणि ‘हा पाहा माझा मनोरुग्णाचा पोशाख’ अशा अर्थाच्या ओळी त्यांसोबत लिहिल्या. तिथे हसू येते ते त्या खोट्या सुऱ्याचे. छायाचित्रातल्या माणसाचे नव्हे.

तुमचे प्रहसनही याच कसोटीवर पारखून घ्या. कॅनडातील व्हँकूव्हरचे समुपदेशक डेव्हिड ग्रॅनिरर यांना स्वतःला नैराश्याचा अनुभव आहे आणि मानसिक आजार असलेल्यांना ते २००४ पासून स्टँड-अप कॉमेडी शिकवत आले आहेत. आपल्या आजाराचे किस्से तिथे रुग्ण स्वतःच्या तोंडाने सांगतो. तुमच्याकडे असे सांगायला कोणी आपणहून पुढे आले तर उत्तमच, पण कोणाला आग्रह करू नका. तसे कोणी नसेल, तर हास्याचा विषय रुग्णाला न करता सल्ला देणाऱ्यांना करा : ‘जरा फिरून ये म्हणजे बरे वाटेल’, ‘लग्न करून टाका त्याचे’, ‘आमच्या वेळी नव्हते हो असले काही’. ही मंडळी घरोघरी असल्यामुळे प्रेक्षकांना स्वतःची ओळख पटेल (आणि संवाद लिहिणाऱ्याला फारसे कष्टही पडणार नाहीत). आत्महत्येवर मात्र एकही विनोद नको.

भित्तिपत्रकावर अंधाऱ्या कोपऱ्यात, डोके हातांत धरून बसलेला माणूस काढू नका. इंग्लंडमधल्या ‘टाइम टू चेंज’ या मोहिमेने नेमक्या याच ठोकळेबाज चित्राला पर्याय म्हणून माध्यमांना विनामूल्य छायाचित्रे उपलब्ध करून दिली होती. नैराश्य असलेली मुलगी एरवी बस पकडत असते, डबा भरत असते, तोंडी परीक्षा देत असते. त्या अंधाऱ्या चित्रात ती स्वतःला ओळखत नाही आणि तिच्या मैत्रिणीही तिला ओळखत नाहीत. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक दुरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत छापा. ही सरकारी सेवा २०२२ मध्ये सुरू झाली असून ती विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.

प्रश्न : ‘हा मेंदूतील रसायनांचा आजार आहे’ असे फलकावर लिहिले, तर लोकांच्या मनातली अढी जाईल ना?
– एक वाचक, अकोला

उत्तर : तेवढ्याने जाणार नाही. अमेरिकेत १९९६ आणि २००६ मध्ये झालेल्या सर्वेक्षणांची तुलना केली असता, मधल्या काळात हे शास्त्रीय स्पष्टीकरण मान्य करणारे लोक वाढले आणि उपचारांना पाठिंबाही वाढला, परंतु अशा माणसाच्या शेजारी राहण्याची किंवा त्याच्याबरोबर काम करण्याची नाखुशी काही कमी झाली नाही. प्रौढांच्या बाबतीत निव्वळ माहितीपेक्षा, आजारातून सावरत असलेल्या माणसाशी प्रत्यक्ष भेट अधिक उपयोगी पडते, असे अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. तेव्हा फलकाचा खर्च थोडा कमी करा आणि अशी कोणी व्यक्ती राजीखुशीने येणार असेल, तर तिच्यासाठी तासभर राखून ठेवा; प्रश्नोत्तरांसह.