टेक्सासचा कृषी आयुक्त सिड मिलर शेतीतला जाणकार आहे की नुसता पुढारी? असं पद निवडणुकीने भरणं योग्य आहे का?

ह्या दुसऱ्या प्रश्नावरून आमच्या घरात बरीच वर्षं वाजतंय, म्हणून लिहितोय.

मिलर शेतीतलाच. टार्ल्टन स्टेट विद्यापीठातून कृषिशिक्षणाची पदवी, स्टीफनव्हिलला रोपवाटिका, रोडिओत (गुराख्यांच्या कसरतींच्या स्पर्धेत) वासरांना फास टाकण्यात पटाईत. २००१ पासून बारा वर्षं आमदार, २०१२ ला रिपब्लिकन पक्षाच्याच प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) पडला, २०१४ ला आयुक्त झाला, २०१८ आणि २०२२ ला पुन्हा. पण खुर्चीत बसल्या बसल्या केलं काय, तर शाळेतल्या कपकेकना 'माफी' जाहीर केली. म्हणजे शाळेत कपकेक आणायला बंदी नाही म्हणे; पण ती बंदी तो यायच्या आधीच उठली होती!

२०१७ ला अण्णा (माझे वडील, निवृत्त तालुका कृषी अधिकारी) टेक्सासमध्ये फोर्ट वर्थला आमच्याकडे होते. मिलरने रानडुकरं मारायला वॉर्फरिनच्या (रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या) विषारी आमिषाला परवानगी दिली. हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनपासून अण्णांना तीच गोळी. नाश्त्याच्या टेबलावर गोळ्यांचं पाकीट माझ्यापुढे आपटत म्हणाले, "अरे, हे डुकराला घालणार? आणि ते डुक्कर लोक खाणार?" आमिषात निळा रंग आहे, चरबी निळी दिसली की खायचं नाही, असं मी सांगितलं. "चाचण्या कुणी घेतल्या? किती दिवस?" सुरूच. शिकारी भडकले, रानडुकराचं मांस विकणारी कंपनी कोर्टात गेली, स्थगिती आली, आणि एप्रिलमध्ये विष बनवणाऱ्यांनीच टेक्सासमधली नोंदणी मागे घेतली.

अण्णांना आयतंच मिळालं. "मतं मागणारा माणूस घाईच करणार. अधिकारी परीक्षा देऊनच यावा."

माझं डोकं फिरलं. फळबाग अनुदानाच्या यादीतून ज्यांच्या शेतात एक झाड नव्हतं अशी नावं अण्णांनी कापली, म्हणून एका पुढाऱ्याने त्यांना ऐन दहावीच्या वर्षी (माझ्या) कोकणात फेकलं होतं. त्या पुढाऱ्याची कुठल्याच कागदावर सही नव्हती. मिलरची निदान सही असते, आणि दर चार वर्षांनी लोकांपुढे उभं राहावं लागतं. मी हे बोलून दाखवलं, तर अण्णा म्हणे, "त्या पुढाऱ्यालाही लोकांनीच निवडून दिलं होतं."

मला हे अजून पटत नाही. तुम्ही कृषी सेवेची परीक्षा देत असाल तर जरूर द्या, पण परीक्षा पास झालो म्हणजे कुणी हात लावणार नाही, ह्या भ्रमात राहू नका. आमचे अण्णा राहिले.

हां, मिलरची वकिली करत नाहीये. शेजारच्या ओक्लाहोमा राज्यात वेदनाशामक इंजेक्शन घ्यायला सरकारी खर्चाने गेल्याचा आरोप झाला, पैसे परत भरले; चौकशी होऊन गुन्हा दाखल झाला नाही. शिवाय १९९४ नंतर टेक्सासमध्ये राज्यव्यापी पदावर एकही डेमोक्रॅट निवडून आलेला नाही, त्यामुळे 'लोकांपुढे' म्हणजे खरं तर मार्चमधल्या रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीतल्या मतदारांपुढे. हे मात्र मी अण्णांना सांगितलेलं नाही.